सहाचा नऊ

बाझलहून आलेला माणूस
गाडी रुमालात गुंडाळून आणतो,
आजारी मांजर आणावं तशी.
माझी औषधं टेबलाच्या कडेला सारतो,
भिंग काढतो, विचारतो,
"फ्राऊ हॅस्लाइन, खिडकीखालचा हा आकडा
तुमच्याच हातचा ना?"

तेरा ब्याण्णव.
एक, तीन, नऊ, दोन.

आकडे तेव्हा बोलायचे.
पहिला सांगायचा रुळांची रुंदी,
दुसरा, पोटात काय आहे: वाफ, वीज की किल्ली.
तीन म्हणजे किल्ली.
तिसरा चाकं मोजायचा.
आणि शेवटचा झेबाल्ड लोत्सच्या मर्जीचा.
हिशेबाच्या खोलीत उंच स्टुलावर बसून
तो कानामागची पेन्सिल काढायचा
आणि "दोन" म्हणायचा,
बारशाला कुर्र करून नाव सांगावं तसा.

चाकं तर सहाच आहेत, माणूस म्हणतो.
अकरा वर्षं तो या नवाच्या मागे लागलाय.
त्याने निबंध लिहिलाय, तक्त्यांसकट:
नऊ म्हणजे स्वीडनची मागणी,
किंवा नव्या कमानीची स्प्रिंग,
किंवा कुणा राजपुत्राचा वाढदिवस.
जगात अशा पाचच उरल्यात म्हणे,
आणि पाचही घरांना दुहेरी कुलपं.

मी चहा ढवळत राहते.

पितळेचे ठसे होते आमच्याकडे, करंगळीएवढे,
लाकडी खोक्यात ज्याचं त्याचं घर.
शून्यापासून आठापर्यंत.
नवाला घर नव्हतंच.
मालक आयकमायर काटकसरी,
सहा उलटा धरला की झाला नऊ,
आणखी पितळ कशाला जाळायचं?
ठशाच्या मानेवर एक खाच होती:
खाच अंगठ्याकडे तर सहा,
बाहेर तर नऊ.
माझ्या आधी त्या बाकावर बसलेल्या बायकांच्या अंगठ्यांनी
ती पार झिजून गेली होती.

काळा पत्रा, सोनेरी शाई,
फेब्रुवारी, आणि माझी अक्कलदाढ.
गालात लवंग धरून
सकाळभर मी ठसे मारत होते.
तसाही सोमवारचा नि माझा छत्तीसचा आकडा.
बारा गाड्या झाल्यावर
शेजारची रेगुला फिसकन हसली,
"नऊ चाकांची? लंगडत जाणार का गं?"

बारा गाड्यांचा दंड, म्हणजे आठवड्याचा पगार.
पुसावं तर खालचा रंगच निघून यायचा.

झेबाल्ड आला.
ट्रेकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं,
गेला.
वर जाऊन त्याने वही उघडली
आणि तेरा बासष्टच्या खाली
त्या सुबक, जराशा डावीकडे कललेल्या अक्षरात
एक नवी ओळ लिहिली:
तेरा ब्याण्णव. विशेष.

"विशेष काय त्यात?" मालकांनी विचारलं.
खोटं बोलायची सवय नव्हती, त्याला वेळ लागला.
"पट्टा," तो म्हणाला.
आणि बऱ्याच वेळाने, "लाल."

सगळे घरी गेल्यावर
दिव्याखाली मी बारा लाल पट्टे ओढले.
तो ब्रश धुऊन देत होता.
दाढेबद्दल विचारलं नाही त्याने, चुकीबद्दलही नाही.
वसंतात कॅटलॉग आला, पान चौदा,
साध्या गाडीपेक्षा दीड मार्क महाग.

"तर मग," माणसाचं पेन तयार आहे,
"नऊ म्हणजे नेमकं काय?"

मी गाडी हातात घेते.
आठवत होती त्याहून हलकी.
पट्टा चाकापाशी थोडा हललाय,
तिथे झेबाल्ड शिंकला होता.

गाडी पालथी करते.
चाकं छताकडे, किल्लीचं भोक उघडं,
खिडकीखाली दोन डोक्यावर उभा, तीन तोंड फिरवून,
आणि मधोमध
सहा.

"असं धरून बघा," मी म्हणते.
तो भिंग जवळ आणतो,
वाकतो,
आणि पुन्हा चाकं मोजू लागतो.